पुस्तकावरून आलेला पिक्चर: परीक्षण लिहायला बसणाऱ्यांसाठी

बेळगावच्या शहापुरात माझं लहानसं वाचनालय आहे आणि गावातल्या एका साप्ताहिकात मी सिनेमाविषयी लिहिते. दोन्ही कामं एकाच टेबलावर चालतात. त्यामुळं एखाद्या पुस्तकावर पिक्चर आला की त्याची खबर मला पोस्टरच्या आधी देवघेवीच्या वहीतून लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ लागला, तेव्हा शिवाजी सावंतांची ती जाडजूड कादंबरी मागायला कॉलेजची पोरं दारात उभी. एरवी ती निवृत्त गुरुजीच नेत. “काकू, पिक्चरवरनं काढलंय काय हो हे पुस्तक?” असंही एकानं विचारलं. सावंत आपल्या शेजारच्या आजऱ्याचे, कादंबरी १९७९ ची. पण पोराला मी हसले नाही. गोष्ट ज्या क्रमानं त्याच्यापर्यंत पोचली, त्या क्रमानं त्यानं विचारलं.

त्या पोरांपैकी काहीजण आता स्वतः परीक्षणं लिहू बघतायत. कागद घेऊन येतात, “जरा बघा की” म्हणतात. बहुतेक कागदांत एकच वाक्य वेगवेगळ्या वेषात सापडतं: कादंबरीतला अमुक प्रसंग चित्रपटात घेतलेला नाही. त्यावर माझा एकच प्रश्न असतो. बरं, मग त्या जागी काय आहे? या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते परीक्षण झालं नाही, ती गाळलेल्या मालाची यादी झाली.

कुणासाठी लिहिताय ते आधी ठरवा

पुण्याच्या परीक्षकाला ही अडचण येत असेल की नाही कोण जाणे, बेळगावात ती रोजची आहे. एकाच घरातून पिक्चरला निघालेली माणसं बघा. आजी मराठी शाळेत शिकलेली, नाट्यपदं तोंडपाठ. सून धारवाडकडची, वाचते कन्नड, बोलते दोन्ही. नातू इंग्रजी माध्यमात. मराठी ऐकून सगळं कळतं, पण पुस्तक हातात दिलं की पान उलटत नाही. तिघं एका रांगेत बसतात. मूळ गोष्ट त्यातल्या एकालाच माहीत असते.

तुमचं परीक्षण या तिघांना वाचता आलं पाहिजे. आजीला कळायला हवं की तिच्या आठवणीतली गोष्ट कशी हाताळली आहे, सुनेला कळायला हवं की काहीच माहीत नसताना तिला हे समजेल का, आणि नातवाचं तिकीट काढायचं की नाही हेही. मी स्वतःला एक बंधन घालून घेतलंय: मुळाविषयी फक्त एक परिच्छेद. तोही परीक्षणाच्या मध्यावर, सुरुवातीला नाही. पहिल्याच ओळीत “ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना” असं लिहिलं की सून तिथंच पान उलटते.

मूळ नेमकं काय आहे?

हे शोधायला पाच मिनिटं लागतात आणि तीच पाच मिनिटं लोक देत नाहीत. पिक्चर सुरू होताना श्रेयनामावलीत ‘कादंबरीवर आधारित’ लिहिलंय की ‘प्रेरित’, ते वाचा. म्हणजे जागेवर वेळेत बसा.

‘तुंबाड’ २०१८ चा. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला आणि चांगला चालला. त्यानंतर एक मुलगा श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड घेऊन गेला. आठवड्यानं परत. “काकू, ह्यात हस्तर कुठाय?” पिक्चरमधला तो राक्षस, हस्तर, त्यात नाहीच. पेंडशांची कादंबरी कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांची आहे. पिक्चरनं तिथून नाव घेतलंय, गोष्ट घेतलेली नाही. परीक्षणात ही एक ओळ असती तर त्या पोराला दोन खंड उगाच न्यावे लागले नसते. (तसं पहिल्या खंडाची दीडशे पानं त्यानं वाचली होती आणि त्याला ती आवडली होती, पण तो मुद्दा वेगळा.)

‘मुंज्या’ची गोष्ट आणखी निराळी. त्याला लेखकच नाही. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो पिंपळावर राहतो, हे खानापूरकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. प्रत्येक गावाचा मुंज्या वेगळा; कुणाचा राखण करतो, कुणाचा खडे मारतो. आदित्य सरपोतदारांनी २०२४ मध्ये तो हिंदीत आणला, कोकणात ठेवला आणि संगणकावर घडवला. इथं ‘मुळाशी प्रामाणिक आहे का’ हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं हे, की गावातला मुंज्या लोकांना ज्या कारणानं भीती घालतो ते कारण पडद्यावर आलं का. लग्नाची हौस अपुरी राहिलेला जीव, हे कारण पिक्चरनं पकडलंय आणि त्यातून विनोदही काढलाय. मग भीती किती उरली, हे ज्यानं त्यानं आपल्या अंगावरच्या काट्यावरून लिहावं.

नाटक, कादंबरी, चित्रमालिका, दंतकथा, दुसऱ्या भाषेतला पिक्चर, खरी घटना, प्रत्येकाला प्रश्न वेगळा. नाटकाला विचारा की रंगमंचाबाहेर पडून पिक्चरनं काय कमावलं. चार चौकटींच्या चित्रमालिकेला विचारा की दोन तास पुरेल एवढी गोष्ट कुठून आणली. ‘चिंटू’वर २०१२ मध्ये पिक्चर निघाला तेव्हा तो प्रश्न होता. खऱ्या घटनेवरच्या पिक्चरबद्दल मात्र मी फार कमी लिहिते, कारण घटना काय घडली होती ते तपासायला वेळ लागतो आणि साप्ताहिक तेवढा वेळ देत नाही.

पुस्तक आधी वाचायचं का?

वाचायचं, पण त्याच आठवड्यात नको. ताजं वाचून गेलं की पिक्चर दिसतच नाही. डोक्यात पानं उलटत असतात. जुनं वाचलेलं असेल तर ते पुन्हा न उघडता, आठवतील तेवढे तीन प्रसंग कागदावर लिहा. तीनच. वर्षानुवर्षं तुमच्यात उरलेले तेच. मग पिक्चर बघताना फक्त त्या तीन प्रसंगांचं काय झालं ते बघा. ठेवले, बदलले, की दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला दिले?

‘फास्टर फेणे’वरून सांगते, म्हणजे नीट कळेल. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्यातल्या शाळेत शिकणारा, सायकलवरून सुटणारा किडकिडीत पोरगा. तोंडानं ‘टॉक्’ करणारा. माझ्या कागदावर तीन गोष्टी होत्या: तो आवाज, ती सायकल, आणि हे, की मोठी माणसं त्याचं आधी ऐकत नाहीत. २०१७ च्या पिक्चरमध्ये अमेय वाघ फेणे झाला. वय वाढलं. तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो, एक मुलगा मरतो, आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं जातं, आणि फेणेला ते पटत नाही. शाळा गेली, वसतिगृह गेलं. त्या जागी काय आलं? परीक्षेचा बाजार आला. गिरीश कुलकर्णींचा थंड डोक्याचा खलनायक आला. आणि भा. रा. भागवत स्वतःच पात्र म्हणून आले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात.

आता बघा, यातून परीक्षण आपोआप लिहिलं जातं. माझ्या तीन गोष्टींपैकी तिसरी, मोठ्यांनी न ऐकणं, ती टिकली. किंबहुना अधिक धारदार झाली, कारण इथं न ऐकणारे पोलीस आणि परीक्षा घेणारे आहेत. पण फेणे मोठा झाला तसा पिक्चरही मोठ्यांचा झाला. ज्या वयात आपण पुस्तक वाचलं त्या वयाच्या पोराला शेजारी बसवून हा पिक्चर दाखवायचा तर काही ठिकाणी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायला लागतो. ही तक्रार आहे का? माझ्या मते आहे, कारण मराठीत दहा वर्षांच्या पोरासाठी पिक्चर निघतात किती? खरं, रहस्यपट म्हणून तो घट्ट आहे, हेही त्याच परिच्छेदात लिहायला हवं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवा, एकानं दुसऱ्याला पुसू नका.

आणि ‘मूळच भारी’ म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्या. भागवतांनी स्वतः ज्यूल व्हर्न मराठीत आणला. आणखी मागं जायचं तर अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं ते कालिदासावरून. मराठी संगीत नाटकाची गाडी दुसऱ्याच्या गोष्टीवर सुटली, हे बेळगावकरानं तरी विसरू नये.

थिएटरात

मोबाइलवर टिपणं घेऊ नका. मागच्या रांगेतला माणूस ओरडतो आणि त्याचं बरोबर असतं. खिशात मावेल अशी वही, पेन्सिल, आणि पानाकडं न बघता दोन-चार शब्द. घरी गेल्यावर निम्मं वाचता येत नाही. जे वाचता येतं तेवढं पुरतं.

मला सगळ्यात उपयोगी पडतं ते कान. पुस्तकावरच्या पिक्चरमध्ये कुजबुज असतेच. शेजारची बाई नवऱ्याला विचारते, “यार इंव?” (हा कोण?) आणि तो तिला कन्नडमध्ये अख्खं घराणं समजावून सांगतो. ती जागा वहीत टिपा. जिथं जिथं प्रेक्षकाला प्रेक्षकानं समजावून सांगावं लागलं, तिथं पिक्चर पुस्तकाच्या जिवावर उभा आहे. अशा जागा बऱ्याच झाल्या तर ‘न वाचलेल्यांना कठीण जाईल’ हे तुम्ही पुराव्यानिशी लिहू शकता. मध्यंतरात वडापावच्या रांगेत उभं राहून हेच करा. लोक तिथं जे बोलतात ते घरी पोचेपर्यंत बदलतं, सौम्य होतं.

पोरांचा पिक्चर असेल तर पोर घेऊन जा. भाचा, शेजारची मुलगी, कुणीही. त्याला बाहेर आल्यावर ‘आवडलं का’ विचारू नका, सगळी ‘हो’ म्हणतात. गोष्ट सांगायला सांगा. कुठून सुरू करतं, काय गाळतं, कुणाचं नाव आठवतं, त्यावरून कळतं. २०२५ मध्ये ड्रॅगनवाला इंग्रजी पिक्चर, ‘हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन’, माणसं घेऊन पुन्हा काढला. माझ्याबरोबरच्या मुलीला २०१० चा ॲनिमेशनपट फ्रेम न् फ्रेम पाठ. तिच्यासाठी मूळ म्हणजे तो. त्याच्याही आधी क्रेसिडा कॉवेल यांचं पुस्तक आहे, २००३ चं, आणि त्यात टूथलेस हा ड्रॅगन एवढासा, हट्टी आणि कामाला निरुपयोगी आहे, हे सांगितलं तर ती माझ्यावरच रागावली. दोन्ही पिक्चर डीन डेब्लॉइस यांचे (पहिला दुसऱ्या एका दिग्दर्शकाबरोबर), त्यामुळं नवा जुन्याला धरून चालतो, प्रसंगच्या प्रसंग तसेच. अशा वेळी परीक्षणाचा प्रश्न साधा: त्याच पैशात घरी जुना बघता येत असताना थिएटरात जायचं कशासाठी? मोठ्या पडद्यावरचं उडणं, हे एक प्रामाणिक उत्तर होतं.

गाणी असतील तर

गाण्यांसाठी वहीचं पान मधे रेघ मारून दोन भागांत करा, जुनी आणि नवी. ‘कट्यार काळजात घुसली’ २०१५ मध्ये पडद्यावर आलं तेव्हा अभिषेकीबुवांची ‘घेई छंद मकरंद’, ‘सुरत पिया की’ ठेवली होती आणि शंकर-एहसान-लॉय यांनी ‘सूर निरागस हो’सारखी नवी घातली. गंमत अशी, की नाट्यसंगीत कधी न ऐकलेली पोरं नव्यावरून जुन्याकडं गेली. जुन्या मंडळींनी नव्याला नाकं मुरडली, मग गणपतीत तेच गाणं लावलं. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ‘संगीत मानापमान’लाही हीच रेघ मारायची: खाडिलकरांचं नाटक १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. या वजनाचं करायचं काय, हे दिग्दर्शकानं ठरवलेलं असतं. ते ठरवणं तुम्हाला दिसलं का तेवढं लिहा. आजीची आठवण आणि पिक्चर यांची कुस्ती लावू नका, आजी नेहमीच जिंकते.

महाराजांचा पिक्चर

इथं जपून. धर्मवीर संभाजी चौक ज्या गावात आहे त्या गावात ‘छावा’चं परीक्षण लिहिणं सोपं नाही. थिएटरात घोषणा होतात, पोरं फेटे बांधून येतात, शेवटी दिवे लागले तरी कुणी उठत नाही. ते सगळं खरं असतं आणि ते लिहा. पण तो मान महाराजांचा आहे. पटकथेला, संगीताला, संवादांना तो उसना देऊ नका. वाक्य लिहिल्यावर स्वतःला विचारा: हे मी संभाजीराजांबद्दल लिहिलंय की लक्ष्मण उतेकरांच्या दिग्दर्शनाबद्दल? सरमिसळ झाली असेल तर वाक्य दोनात तोडा.

ट्रेलरमध्ये लेझीम खेळण्याचा प्रसंग होता, त्यावर आक्षेप आले आणि दिग्दर्शकांनी तो काढला. अशा पिक्चरच्या परीक्षणात ही माहिती एका ओळीत द्यावी. कोण बरोबर होतं त्याचा निवाडा करायला परीक्षण ही जागा अपुरी पडते. मात्र एक गोष्ट न चुकता लिहा. शेवटचा छळाचा भाग दीर्घ आणि रक्तरंजित आहे, आणि प्रमाणपत्र ‘यूए १६+’ आहे. आता सेन्सॉर बोर्ड यूएमध्येच ७+, १३+, १६+ असे भाग करतं, पण पोस्टरच्या कोपऱ्यातलं ते कुणी वाचत नाही. माझ्या रांगेत पाच-सहा वर्षांची पोरं होती. एक आईच्या पदरात तोंड खुपसून बसलं होतं. कादंबरीतही तो शेवट आहे, पण वाचताना पोराच्या हातातून पुस्तक काढून घेता येतं. घरच्यांना सावध करणं हे परीक्षणाचं काम आहे, त्यात अपमान कुणाचाच होत नाही. पत्रं येतील. येऊ द्यात.

एक गोष्ट, दोन भाषा

सीमेवर राहण्याचा एक फायदा आहे, तो वसूल करा. ‘सैराट’ २०१६ चा; कन्नडमध्ये तो ‘मनसु मल्लिगे’ झाला, २०१७ मध्ये, दिग्दर्शक एस. नारायण, आणि नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. हिंदीत ‘धडक’ २०१८ चा. दोन्ही भाषा कळणारा प्रेक्षक आपल्याकडं घराघरांत आहे, तेव्हा त्याला नुसतं ‘रीमेक फिका आहे’ सांगून भागत नाही. गोष्ट उचलून दुसऱ्या मातीत लावली की काय जगलं, काय जळलं ते बघायचं. नागराज मंजुळ्यांच्या पिक्चरमध्ये करमाळ्याकडचं रान, विहीर, बोली, आणि कोण कुणाच्या पायरीवर चढू शकतं ते, सगळं एकात एक गुंतलेलं आहे. ‘धडक’नं गोष्ट उदयपूरच्या तळ्याकाठी नेली आणि जातीचा काटा बोथट केला, मग शेवटची हिंसा ठेवूनही तो शेवट तितका लागत नाही. परीक्षणात ‘जात बोथट झाली’ एवढंच न लिहिता कुठल्या प्रसंगात झाली तो प्रसंग द्या.

रीमेकचं आणखी एक. ‘वेड’ आला तेव्हा इथल्या निम्म्या पोरांनी तेलुगू ‘मजिली’ आधीच बघितलेला होता. तेव्हा रहस्य लपवण्यात वेळ घालवू नका; पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका की हा त्याचा रीमेक आहे आणि पुढं रितेश-जेनेलियानं त्यात काय भर घातली त्याकडं वळा.

कागदावर उतरवताना

गोष्ट मध्यंतरापर्यंतच सांगा, तीही सात-आठ ओळींत. मूळ लेखकाचं नाव पहिल्या परिच्छेदात, दिग्दर्शकाच्या शेजारी. हे माझं लाडकं भांडण आहे: नटाचं नाव मथळ्यात आणि ज्यानं ती माणसं जन्माला घातली त्याचं नाव कंसात! ‘नटरंग’चा गुणा ज्यांच्या लेखणीतून आला ते आनंद यादव निपाणीच्या वेशीवरच्या कागलचे, आणि निपाणीतलीच माणसं विचारतात, हे कोण.

‘पुस्तक जास्त चांगलं’ हे वाक्य वर्ज्य. ते बहुतेकदा खरं असतं, म्हणूनच निरुपयोगी. त्याऐवजी पुस्तकाला जे जमलं आणि पिक्चरला जमणारच नव्हतं, ते सांगा, आणि उलटंही. ‘श्यामची आई’त साने गुरुजींचा श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो, तो सांगण्याचा सूर हाच त्या पुस्तकाचा जीव. अत्र्यांनी १९५३ मध्ये पडद्यावर आणला तेव्हा त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. सुजय डहाकेंनी २०२३ मध्ये पुन्हा केला, तोही मुद्दाम कृष्णधवल, आणि ओम भूतकरांच्या रूपात साने गुरुजींनाच पडद्यावर आणलं. सांगणारा माणूस डोळ्यांसमोर आणणं, हा त्या सुराला शोधलेला एक पर्याय. तो तुम्हाला पटला की नाही, यावर अख्खं परीक्षण उभं राहू शकतं.

तारे द्यायचे की नाही यावर संपादकाशी वाद घालू नका. द्या आणि पुढं व्हा.

शेवटी चौकटीत चार गोष्टी: लांबी, प्रमाणपत्र, भाषा आणि उपशीर्षकं आहेत का, आणि मूळ पुस्तक कुठं मिळेल. कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर असेल तर तेही, कारण सुनेला आणि नातवाला हवं असतं ते. मजकूर शनिवारी सकाळी पोचता करा. मराठी पिक्चरचे खेळ इथं मोजके, आणि पुढच्या शुक्रवारी तो राहील याची खात्री नाही. गेला की हौशी माणसं कोल्हापूर गाठतात, बाकीची मोबाइलवर यायची वाट बघतात. खेळाच्या वेळा मात्र छापायच्या आधी थिएटरात फोन करून विचारा.